नव्याच्या सणाचे भेटकार्ड : घरी, हाताने, मराठीत



एलूल महिना लागला की इथल्या कागद-वह्यांच्या दुकानांत शाना तोवाची भेटकार्डे दिसू लागतात. डाळिंब, सफरचंद, मधाची बाटली, शोफार अशी सुंदर चित्रे असतात. मजकूर हिब्रूत असतो, कधी इंग्रजीत. मुंबई-पुण्याच्या दुकानांत मराठी कार्डेही मिळतात, पण ती दिवाळीची, पाडव्याची, वाढदिवसाची. 'नव्याच्या सणाच्या शुभेच्छा' असे छापलेले कार्ड माझ्या पाहण्यात इकडे नाही, तिकडेही नाही. इतके थोडे गिऱ्हाईक असलेली वस्तू कोणता दुकानदार ठेवील? तेव्हा हे कार्ड आपणच करायचे. काम सोपे आहे आणि खर्च अगदी बेताचा आहे. पाच मित्र-मैत्रिणी एकत्र बसल्या, तर शब्बाथ सोडून आठवड्यातल्या कोणत्याही एका संध्याकाळी सर्व कार्डे तयार होतात.

१. आपल्या सणाचे नाव

रोश हशानाला आपले कोकणातले वाडवडील 'नव्याचा सण' म्हणत. किप्पूरला 'दरफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात राहायचे. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. ही नावे हिब्रूतून आलेली नाहीत. अलिबाग, पेण, रोहे या भागांतल्या गावांत राहून, घाण्यावर तेल गाळून, शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनवार तेली' म्हणवून घेतलेल्या माणसांनी ती आपल्या मराठीत ठेवली.

कार्डावर नुसते 'नवीन वर्षाच्या शुभेच्छा' लिहिले, तर भारतातल्या वाचणाऱ्याला वाटेल की हे एक जानेवारीचे कार्ड आहे, नाहीतर गुढीपाडव्याचे. 'नव्याचा सण' लिहिले की ते कोणी कोणाला पाठवले, हे लगेच कळते. म्हणून पहिला नियम : कार्डाच्या दर्शनी भागावर हे दोन शब्द हवेतच.

२. ही रीत कुठून आली

वर्षाच्या आरंभी पत्रातून शुभचिंतन करण्याची ज्यू रीत जुनी आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत जर्मनीत होऊन गेलेल्या रब्बी याकोव मोलिन (महारिल) यांच्या नावाने जो आचारसंग्रह आहे, त्यात एलूल महिन्यात पत्र लिहिताना 'तुमचे नाव चांगल्या वर्षासाठी लिहिले जावो' अशी शुभेच्छा घालण्याचा उल्लेख येतो. १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले पोस्टकार्ड निघाले. पुढे पोस्टकार्डे स्वस्त झाली, तसा युरोप-अमेरिकेतल्या ज्यू लोकांत नव्या वर्षाच्या छापील कार्डांचा प्रसार झाला. इस्रायलच्या सुरुवातीच्या दशकांत चमकी लावलेली शाना तोवाची कार्डे घरोघर येत असत. घरातल्या जुन्या डब्यात शोधाल तर एखादे सापडेलही.

कागदावर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी मांडणे हेही आपल्याला नवे नाही. १८४६ साली मुंबईत पेसाहचा हगादा हिब्रू मजकूर व मराठी भाषांतर अशा रूपात शिळाछापावर निघाला. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादात तर चित्रेही आहेत. त्यात बिन खमिराची भाकर करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेशात, जमिनीवर बसून काम करताना दाखवल्या आहेत. ती आपल्याच घरची माणसे आहेत. आपले कार्ड याच परंपरेतले एक लहानसे पान आहे असे समजा.

३. साहित्य आणि हिशेब

पाच जणांसाठी :

ब्रिस्टॉलचे दोन जाड कागद (५० × ७० सेंटिमीटर, पांढरे किंवा फिके), पाकिटांसाठी एका बाजूने वापरलेले ए-४ कागद, फूटपट्टी, कात्री, पेन्सिल, शाई संपलेले एक बॉलपेन, एक मोठा चमचा मैदा, हळद, खाण्याचा सोडा, शाळेचे जलरंग, चार-पाच भेंड्या आणि दोन बटाटे.

विकत आणायचे ते मुख्यतः दोन ब्रिस्टॉल. बाकीचे घरात असते. चमकी, स्टिकर, सोनेरी पेन यांची गरज नाही.

आता कापण्याचा हिशेब नीट लक्षात घ्या, म्हणजे कागद वाया जाणार नाही. घडी घालण्यापूर्वी एक कार्ड २० × १४ सेंटिमीटर धरा. ब्रिस्टॉलच्या ७० सेंटिमीटरच्या बाजूवर १४ चे पाच भाग पडतात आणि ५० च्या बाजूवर २० चे दोन. म्हणजे एका कागदातून दहा कार्डे निघतात. १० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर लांब अशी एक पट्टी उरते. ती टाकू नका. तिचे १० × १४ चे पाच तुकडे करा. ही झाली साधी, बिनघडीची कार्डे. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

दोन कागदांतून वीस घडीची आणि दहा साधी कार्डे होतात. पाच जणांत प्रत्येकाला चार घडीची आणि दोन साधी.

४. दोन दारांची घडी

हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडते, मराठी पुस्तक डावीकडून. मग दोन्ही भाषांचे कार्ड कोणत्या बाजूने उघडायचे? उत्तर सोपे आहे : दोन्ही बाजूंनी.

कागद आडवा ठेवा. बरोबर मध्ये, १० सेंटिमीटरवर पेन्सिलची फिकट खूण करा. खुणेवर फूटपट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढा. मग घडी घाला. ती सरळ पडेल आणि कागदाच्या कडा फाटणार नाहीत.

आता घडी डाव्या हाताला येईल असे कार्ड धरा. समोर आहे ते मराठी मुखपृष्ठ. कार्ड पालथे करा, पण वरची बाजू वरच राहू द्या. घडी आपोआप उजव्या हाताला गेली. हे झाले हिब्रू मुखपृष्ठ. एकाच कार्डाला दोन दारे झाली.

कार्ड उघडल्यावर आत दोन पाने दिसतात. मराठी दाराने आत येणाऱ्याची नजर उजव्या पानावर पडते, म्हणून मराठी मजकूर उजव्या पानावर लिहा. हिब्रू दाराने येणाऱ्याची नजर डाव्या पानावर पडते, म्हणून हिब्रू मजकूर डावीकडे. आजी तिच्या दाराने येईल आणि नात तिच्या दाराने. आत दोघींची गाठ पडेल.

५. चित्र

भेंडी आडवी कापा. कापलेल्या बाजूचा ओलसरपणा जुन्या कागदावर टिपून घ्या, मग रंगात बुडवून ठसा उठवा. पाच पाकळ्यांचे फूल उमटते, कधी सहा-सात पाकळ्यांचेही. आमच्या मराठी शाळेत ठसेकामाचा तास असाच होई. डाळिंबासाठी बटाटा अर्धा कापून त्याला वरच्या बाजूला तीन दातांचा मुकुट कोरा. बटाट्यावर अक्षरे कोरू नका. ती उलटी उमटतात.

अर्धा चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवली की पिवळा रंग तयार. ती वाळल्यावर ब्रश सोड्याच्या पाण्यात बुडवून तिच्यावर रेघ ओढा. रेघ तांबूस होते. लहान मुलांना ही गंमत फार आवडते. मात्र हळदीचा रंग उन्हात उडतो. असे कार्ड पाकिटात राहू द्यावे, खिडकीत लावू नये.

काय काढावे? डाळिंब आणि शोफार आहेतच. त्याशिवाय आपल्या घरचे काहीतरी काढा : नारळाचे झाड, तेलाचा घाणा, शंकरपाळ्याच्या आकाराची गुलाबी हलव्याची वडी, मलिद्याचे ताट, मेंदीचा हात. दुकानातल्या कार्डावर नसते ते आपल्या कार्डावर असू द्या.

६. अक्षर

हिब्रू वाचणाऱ्या मुलांना मराठी अक्षर परके वाटते. पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. इंग्रजी अक्षर रेघेवर उभे राहते. मराठी अक्षर शिरोरेषेला खाली लोंबते. तोराची गुंडाळी लिहिणारा सोफेरही आधी रेघ आखतो आणि अक्षरे त्या रेघेखाली टांगतो. म्हणून कार्डाच्या दोन्ही पानांवर सारख्याच उंचीवर पेन्सिलने रेघा आखा. एका पानावर हिब्रू टांगा, दुसऱ्यावर मराठी. फक्त सुरुवात उलट बाजूने होईल. शाई वाळल्यावर रेघा खोडून टाका.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, ऱ्हस्व वेलांटी. 'दिवस' मधली वेलांटी उच्चारात 'द' नंतर येते, पण लिहिताना आधी येते. दुसरी, जोडाक्षरे. 'शुभेच्छा' मध्ये अर्धा 'च' आणि पूर्ण 'छ' आहे. हा शब्द आधी पाटीवर दहा वेळा काढा, मग कार्डावर लिहा.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी जोडाक्षर नसलेला मजकूर देतो. तो जसाच्या तसा लिहिला तरी चालेल :

आजी, तू बरी राहा.
हलवा कर. मी येते.
तुझी नात

दहा शब्द आहेत. मुलगा असेल तर 'मी येतो' आणि 'तुझा नातू'.

७. मजकूर

हिब्रूत 'दोद' म्हणजे मामाही आणि काकाही. 'दोदा' म्हणजे मावशी, आत्या, मामी, काकी सगळ्याच. मराठीत असे चालत नाही. आईचा भाऊ मामा, त्याची बायको मामी. वडिलांचा भाऊ काका, त्याची बायको काकी. आईची बहीण मावशी, वडिलांची बहीण आत्या. कार्ड लिहायला बसण्यापूर्वी आईवडिलांना विचारा : हे आपले नक्की कोण? एका शब्दासाठी विचारलेल्या या प्रश्नातून घराण्याची अर्धी हकिकत कळते. कोणत्या गावावरून आपले आडनाव पडले, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर.

दुसरी गोष्ट 'तू' आणि 'तुम्ही' यांची. हिब्रूत लहानथोर सर्वांना एकच 'अता', नाहीतर 'अत'. मराठीत आजोबांना 'तुम्ही'. आजीला आणि आईला मात्र बहुतेक घरांत मायेने 'तू' म्हणतात. मामा-काकांना 'तुम्ही'. तुमच्या घरात जे बोलले जाते तेच लिहावे.

तिसरी गोष्ट मायन्याची. आम्ही शाळेत पत्राच्या आरंभी 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' लिहायला शिकलो. साष्टांग म्हणजे आठ अंगे जमिनीला टेकवून केलेला नमस्कार. तसा नमस्कार आपण माणसाला करत नाही, म्हणून आपण 'सप्रेम शालोम' लिहावे. 'चि.' म्हणजे चिरंजीव. हे मोठ्यांनी लहानांच्या नावामागे लावायचे असते. नातवाने आजोबांना 'चि.' लिहिले तर आजोबा हसतील, रागावणार नाहीत. पण आपण ते शिकून घ्यावे.

काही नमुने :

आजोबांना :
प्रिय आजोबांस, सप्रेम शालोम. नव्याच्या सणाच्या शुभेच्छा. तुमची तब्येत चांगली राहो. सणाला तुमच्या शेजारी बसून शोफार ऐकायचा आहे. तुमचा नातू.

मुंबईच्या मामांना :
प्रिय मामा आणि मामी, सप्रेम शालोम. तुम्हाला आणि घरातल्या सर्वांना नव्याचा सण सुखाचा जावो. मी मराठी लिहायला शिकत आहे. हे कार्ड मी स्वतः केले आहे. तुमची भाची.

ज्या घरी वर्षभरात कोणी गेले, त्या घरी :
प्रिय मावशी, सप्रेम शालोम. या सणाला आम्हाला काकांची आठवण येते. हे वर्ष तुला शांततेचे जावो. आम्ही शिळ्या सणाला तुझ्याकडे येतो.

अशा घरी 'आनंदाचे', 'भरभराटीचे' हे शब्द घालू नयेत, पण कार्ड पाठवणे टाळूही नये. ज्यांच्या घरी कोणी येत नाही त्यांनाच पहिले कार्ड पाठवावे. शिळा सण हा एकमेकांकडे जाण्याचा आणि गरिबाला दान देण्याचा दिवस. सणाआधी राहून गेलेले कार्ड त्या दिवशी हाताने नेऊन द्यावे.

हिब्रू पानावर 'शाना तोवा ऊमेतुका', म्हणजे चांगले आणि गोड वर्ष. किंवा 'लेशाना तोवा', त्यापुढे एका पुरुषाला 'तिकातेव', एका स्त्रीला 'तिकातेवी', अनेकांना 'तिकातेवू'. 'तिज्कू लेशानीम रबोत', म्हणजे पुष्कळ वर्षे लाभोत, हेही चालते. देवाचे हिब्रू नाव मात्र कार्डावर लिहू नका. ते नाव असलेला कागद टाकता येत नाही, तो गेनिझात ठेवावा लागतो. मराठीत 'देव तुमचे भले करो' लिहावे.

खाली साल घाला. सणाच्या वेळी चालू असलेल्या इसवी सनात ३७६१ मिळवले की येणारे हिब्रू साल मिळते. उदाहरणार्थ, २०२५ + ३७६१ = ५७८६.

८. पाकीट

मैद्यात अर्धा कप पाणी घालून गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर ढवळत राहा. दाट झाले की खळ तयार.

ए-४ कागद उभा ठेवा. डावी आणि उजवी कड तीन-तीन सेंटिमीटर आत दुमडा. पंधरा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा होईल. खालची बाजू साडेदहा सेंटिमीटर वर दुमडा आणि दोन्ही कडांच्या दुमडलेल्या पट्ट्यांवर खळ लावून चिकटवा. वर उरलेला भाग म्हणजे पाकिटाचे झाकण. १० × १४ चे कार्ड यात आरामात बसते. लिहिलेली बाजू आत घ्या. पत्ता स्पष्ट आणि ठळक लिहा. भारतात पाठवायचे असेल तर पिनकोड विसरू नका आणि पोस्टात बरेच दिवस आधी टाका.

९. साध्या कार्डांचा उपयोग

आता त्या दहा साध्या कार्डांकडे येऊ. भारतात पूर्वी जोडकार्ड मिळत असे. एक कार्ड लिहून पाठवायचे आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या कोऱ्या कार्डावर समोरच्याने उत्तर लिहायचे. आपणही तसेच करू. तुमच्या चार कार्डांपैकी दोन घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ठेवा आणि त्या प्रत्येकाच्या पाकिटात एक कोरे साधे कार्ड घाला. त्यावर वर एकच ओळ लिहा : 'आजी, हलव्याचे प्रमाण मराठीत लिहून दे.' किंवा : 'आजोबा, तुमच्या शाळेबद्दल पाच ओळी लिहा.'

हे मी मुद्दाम सांगतो. आपल्या कित्येक घरांत आजीच्या वहीत हलवा, पुरणपोळी, बिरडे यांची प्रमाणे मराठीत लिहिलेली आहेत आणि ती वाचू शकणारे त्या घरात आजीशिवाय कोणी नाही. नात हिब्रूत निरोप पाठवते, तो आजीला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. दोघी बोलतात, हसतात, पण एकीने लिहिलेले दुसरीला वाचता येत नाही. आजी आहे तोवर विचारता येते. नंतर वही राहते आणि ती बंदच राहते. पाच ओळींच्या उत्तराने सगळी वही वाचता येणार नाही हे खरे, पण जिला आजीच्या हातची पाच ओळी लागल्या, तिला तिचे वळण ओळखीचे झाले. पुढचे पान ती स्वतः उघडील.

१०. वडीलधाऱ्यांना विनंती

कापणे, ठसे, खळ ही कामे मुलांनी आपसांत वाटून घ्यावीत. ज्याचा हात स्थिर त्याने कापावे, ज्याला चित्र येते त्याने ठसे कोरावेत. लिहिणे मात्र वाटून घेऊ देऊ नका. वर्गात एखाद्या मुलीचे अक्षर सुरेख असते आणि सगळे आपली कार्डे तिच्याकडे देतात. मग एकच मुलगी मराठी शिकते.

मुलाने शब्द विचारला तर पाटीवर काढून दाखवा, त्याचे पेन हातात घेऊ नका. चुका कच्च्या कागदावर दुरुस्त करा. कार्डावर ऱ्हस्व-दीर्घाची एखादी चूक राहिली तर राहू द्या. आणि कोरे कार्ड तुमच्याकडे आले तर ते नक्की लिहून परत पाठवा. मोठे अक्षर काढा, सोपे शब्द वापरा. 'मला काय लिहायला येते आता' असे म्हणून बाजूला ठेवू नका. मूल त्याची वाट पाहत असते.

शब्दार्थ

मायना : पत्राच्या आरंभीचे संबोधन.
शिळाछाप : दगडावर लिहून केलेली छपाई.
खळ : पिठाची चिकी.
ठसा : छाप.
गेनिझा : पवित्र लिखाण झिजल्यावर ठेवण्याची जागा.
वळण : एखाद्याच्या हस्ताक्षराची धाटणी.

स्वाध्याय

१. मामा, काका, मावशी, आत्या : तुमच्या घरातल्या प्रत्येकाचे नाव या शब्दांपुढे लिहा.
२. ५० × ७० च्या कागदातून १५ × १५ चे किती तुकडे निघतील? किती कागद उरेल? उरलेल्याचे काय कराल?
३. 'शुभेच्छा', 'नव्याचा', 'प्रिय', 'तब्येत' या शब्दांतली जोडाक्षरे फोडून लिहा.
४. आजोबांना लिहिलेला नमुना मैत्रिणीला लिहायचा झाला, तर कोणते शब्द बदलतील?
५. उत्तरादाखल आलेले साधे कार्ड वर्गात आणा आणि सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. एखादा शब्द अडला तर ज्यांनी तो लिहिला त्यांनाच फोन करून विचारा.